डुंग्स व्हीपीएस ५०४ : पिवळा दिवा लागला तरी लीक टेस्ट संपत नाही

पीएनजीवर (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक गॅसवर) चालणाऱ्या बॉयलरच्या गॅस ट्रेनवर, म्हणजे बर्नरला गॅस पोचवणाऱ्या पाइप-व्हॉल्व्हच्या जुळणीवर, विजेने उघडमिट होणाऱ्या दोन सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या अंगाला चार स्क्रूंनी बसवलेली एक छोटी पेटी बऱ्याच ठिकाणी दिसते. बर्नर सुरू व्हायच्या आधी ती काही सेकंद घुर्रर करते, पिवळा दिवा लागतो आणि मग ब्लोअर, पर्ज (फर्नेस हवेने धुऊन काढणं), स्पार्क असा पुढचा क्रम चालू होतो. जर्मनीतल्या उर्बाखच्या डुंग्स कंपनीचं हे व्हीपीएस ५०४, म्हणजे व्हॉल्व्ह प्रूव्हिंगचं, मिटलेले व्हॉल्व्ह गळत नाहीत ना हे तपासायचं उपकरण. चाकण, भोसरी, तळोजा अशा पट्ट्यांत पाइपचा गॅस आल्यापासून बॉयलर ऑपरेटरच्या तोंडी याचं नाव सर्रास ऐकू येतं, पण बहुतेक वेळा ‘व्हीपीएस ट्रिप मारतोय’ एवढ्याच संदर्भात.

उपकरण उत्तम आहे. फक्त ते नेमकं काय तपासतं हे कळलं नाही, तर मेंटेनन्सच्या दिवशी त्याच्या पिवळ्या दिव्यावर नको इतका भरवसा टाकला जातो. ‘व्हीपीएस ओके’ एवढं लिहून लीक टेस्टचा रकाना भरलेले सर्व्हिस रिपोर्ट थोडे नाहीत, म्हणून इथे उपकरणाबरोबर त्याभोवतीच्या तपासणीचाही आढावा घेतला आहे.

काम कसं चालतं ते आधी पाहू. बर्नर बंद असताना पहिला व्हॉल्व्ह आणि दुसरा व्हॉल्व्ह, दोन्ही मिटलेले असतात आणि मधल्या जागेत गॅस अडकलेला असतो. हीटची मागणी आली की व्हीपीएसमधला छोटा मोटरपंप पहिल्या व्हॉल्व्हच्या अलीकडचा थोडा गॅस ओढून या मधल्या जागेत ढकलतो आणि तिथला दाब इनलेटपेक्षा साधारण २० मिलिबारने वाढवतो. दाब चढला की पंप थांबतो आणि आतला डिफरन्शियल प्रेशर स्विच हा फरक टिकतो की नाही ते बघतो. टिकला तर १० ते २६ सेकंदांत पिवळा दिवा लागतो आणि बर्नर कंट्रोलरला परवानगी मिळते. २६ सेकंदांत २० मिलिबार चढलेच नाहीत किंवा चढून उतरले, तर लाल दिवा आणि लॉकआउट, म्हणजे रिसेट करेपर्यंत बर्नर बंद.

यातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तुलना इनलेट दाबाशी होते. गॅस १०० मिलिबारने येवो की २०० ने, सेटिंग बदलावं लागत नाही. एरवी प्रेशर स्विच लावून केलेल्या पद्धतीत स्विच अर्ध्या इनलेट दाबावर वगैरे सेट करायचा, मग रेग्युलेटर बदलला की सेटिंगही बदलायचं हे आलंच, आणि नेमकं तेच विसरलं जातं. इथे ती भानगड नाही. वेगळी पाइपिंग नाही, व्हेंट लाइन नाही. व्हॉल्व्हच्या बॉडीवर ओ-रिंग ठेवून थेट बसतं.

आता मर्यादा. डेटाशीटवर संवेदनशीलतेची हद्द ५० लिटर प्रतितास दिली आहे. म्हणजे सेकंदाला साधारण १४ मिलिलिटर. मधली जागा २ लिटरची असेल तर २० मिलिबार वाढवायला पंपाला जेमतेम ४० मिलिलिटर गॅस आत घालावा लागतो. ५० लिटर प्रतितासाची गळती तो तीन सेकंदांत गिळून टाकते. म्हणून एवढ्या थोड्या वेळात निकाल लागतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की १०-१५ लिटर प्रतितास गळणारी सीट (व्हॉल्व्ह मिटल्यावर जिथे गॅस अडतो तो भाग) कदाचित पास होईल. पिवळा दिवा लागेल, बर्नर पेटेल, कुणाला काही कळणार नाही.

हा दोष म्हणायचा का? नाही. स्टार्टच्या वेळी फर्नेसमध्ये धोकादायक प्रमाणात गॅस साचू नये हे या उपकरणाचं काम, आणि ते काम ५० लिटरच्या हद्दीत नीट होतं. युरोपियन मानक ईएन १६४३ नुसार ही हद्द ५० लिटर प्रतितास किंवा बर्नरच्या कमाल गॅस खपाच्या ०.१ टक्का, यांतली जी मोठी ती चालते. १२०० किलोवॉटचा बर्नर तासाला साधारण १२० घनमीटर गॅस घेतो, त्याचा ०.१ टक्का १२० लिटर होतो. म्हणजे व्हीपीएस ५०४ मानकापेक्षा कडकच आहे. गॅस बर्नरसाठीच्या ईएन ६७६ या मानकाने १२०० किलोवॉटच्या वरच्या बर्नरला व्हॉल्व्ह प्रूव्हिंग सक्तीचं केलं आहे. वाफेच्या भाषेत हा आकडा पावणेदोन टनाच्या आसपास येतो. त्याहून लहान बॉयलरलाही हे लावलेलं असावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मात्र वर्षातून एकदा होणाऱ्या मेंटेनन्सचा प्रश्न वेगळा असतो. तिथे आज व्हॉल्व्ह चालेल का एवढं पाहून भागत नाही, सीट खराब होत चालली आहे का हे बघायचं असतं. त्यासाठी हातपंप आणि ०.१ मिलिबार दाखवणारा डिजिटल मॅनोमीटर लागतो. गणित सोपं आहे: २ लिटरच्या जागेत ५ मिनिटांत १ मिलिबार दाब उतरला, तर गळती तासाला सुमारे २४ मिलिलिटर. व्हीपीएसच्या हद्दीशी तुलना केली तर दोन हजार पट बारीक. पाणी भरलेल्या साध्या यू-ट्यूब मॅनोमीटरवरही १० मिलिमीटर पाण्याचा फरक, म्हणजे १ मिलिबार, डोळ्यांना स्वच्छ दिसतो.

आणखी एक बारकावा. व्हीपीएस पहिल्या व्हॉल्व्हला उलट्या दिशेने आणि फक्त २० मिलिबारच्या फरकावर तपासतं, कारण मधला दाब इनलेटपेक्षा जास्त असतो. प्रत्यक्षात तो व्हॉल्व्ह १०० ते २०० मिलिबार सुलट्या दिशेने अडवून उभा असतो. म्हणून मेंटेनन्सला तो सुलटाच तपासावा. ट्रेनच्या सुरुवातीचा, हाताने फिरवायचा बॉल व्हॉल्व्ह उघडा ठेवून मधल्या जागेचा दाब तो मोजायच्या निपलमधून बाहेर सोडून शून्यावर आणायचा, निपलला मॅनोमीटर लावायचा आणि ५ मिनिटं बघत राहायचं. दाब चढला तर पहिला व्हॉल्व्ह सोडतोय. मग मधली जागा हातपंपाने १०० ते १५० मिलिबारवर भरून पुन्हा ५ मिनिटं. आता उतरला तर दुसऱ्या व्हॉल्व्हकडे किंवा एखाद्या बाहेरच्या जोडाकडे बोट जातं. व्हीपीएस ५०४ लाल होतं तेव्हा कुठला व्हॉल्व्ह गळतोय हे ते सांगू शकत नाही. ज्या बर्नर कंट्रोलरमध्ये प्रूव्हिंग आतच असतं, ते आधी मधली जागा रिकामी करून दाब चढतो का बघतात, मग भरून उतरतो का बघतात, आणि व्हॉल्व्ह नेमका ओळखतात. ही एक बाजू तिथे सरस आहे.

दाबाची टेस्ट घेताना बहुतेकांचा घात तापमान करतं. बंद जागेतल्या गॅसचं तापमान एका अंशाने बदललं की दाब साधारण साडेतीन मिलिबारने हलतो. बॉयलर नुकताच बंद केला आहे, बॉयलर हाउसमध्ये ४५ अंश, शटर उघडल्यावर वारा येतोय, अशा वेळी लगेच घेतलेल्या टेस्टला काही अर्थ नाही. पाइप थंड होत असेल तर चांगला व्हॉल्व्ह नापास होतो आणि तापत असेल तर गळका पास होतो. दाब भरल्यावर निदान ५ मिनिटं नुसतं थांबायचं, ट्रेन गरम असेल तर अर्धा तास, आणि मगच घड्याळ लावायचं. डीएन ५० च्या (५० मिलिमीटर मापाच्या) जोडव्हॉल्व्हमधली जागा लिटरहून कमी असते. तिथे १ मिलिबार म्हणजे फारच थोडा गॅस, तेव्हा व्हॉल्व्हला दोष देण्याआधी टेस्ट दोनदा घ्यावी. आणि सर्वांत आधी स्वतःचा मॅनोमीटर, टी आणि रबरी नळी यांचं टोक बंद करून त्यांचीच टेस्ट. तडा गेलेल्या नळीपायी चांगले व्हॉल्व्ह भंगारात जातात.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, जो व्हीपीएसच्या आवाक्यातच नाही. दुसऱ्या व्हॉल्व्हच्या पुढे गॅस कमी-जास्त करणारा बटरफ्लाय व्हॉल्व्ह, त्याचा शाफ्ट, बर्नरला जोडणारा एल्बो, त्याची फ्लँज, हेडचा दाब मोजायचा निपल आणि बऱ्याच बर्नरना पायलटची बारीक लाइन असते. बर्नर बंद असताना हा सगळा भाग फर्नेसकडे उघडा असतो, त्यात दाब धरतच नाही. तो फक्त बर्नर पेटलेला असताना दाबाखाली येतो. आणि सर्व्हिस इंजिनीअर आला की पहिलं काम काय करतो? बर्नर बंद करतो.

म्हणून क्रम उलटा हवा. बर्नर हाय फायरवर (मोठ्या ज्योतीवर) चालू असतानाच पुढच्या भागाचे जोड स्प्रेने बघून घ्यायचे. बटरफ्लायचा शाफ्ट जिथे बॉडीतून बाहेर येतो तिथे फेस धरून दहा-पंधरा सेकंद थांबा. मोठी गळती लगेच भसकन फुगे काढते, ती कुणालाही दिसते. बारीक गळती पांढऱ्या मुंग्यांसारखा दाट फेस जमवत जाते, आधी नुसता कडेला, मग हळूहळू एक गादी तयार होते. हा शाफ्ट सर्व्होमोटर दिवसभर इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आतली ओ-रिंग झिजणारच; लोड बदलताना, शाफ्ट फिरत असतानाही बघा, कारण एका जागी कोरडा दिसलेला शाफ्ट फिरताना सोडतो.

मग बर्नर लो फायरवर (लहान ज्योतीवर) आणून बॉल व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायचा. ट्रेनमधला गॅस जळून जातो, लो गॅस प्रेशर स्विच बर्नरला थांबवतो, आणि त्या स्विचचीही परीक्षा आपोआप होते. स्विचने कितीवर थांबवलं तो आकडा लिहून ठेवावा. त्यानंतर बॉल व्हॉल्व्हला कुलूप, पॅनलचा मेन बंद, आणि मगच बर्नर उघडायचा.

स्प्रेबद्दल. गॅसच्या कामासाठीच्या फेसाळ द्रवांना ईएन १४२९१ हे मानक आहे, ते छापलेला कॅन घ्यावा. भांड्याच्या साबणाचं पाणी चालतं, पण त्यातले क्षार पितळी फिटिंग आणि स्टीलच्या फ्लेक्सिबल पाइपला चांगले नाहीत, अमोनियावालं क्लीनर तर पितळेजवळ नेऊच नये, त्याने पितळ तडकतं. तपासणी झाली की जागा ओल्या फडक्याने पुसा. व्हीपीएसवर, प्रेशर स्विचच्या कव्हरवर, सोलेनॉइडच्या कनेक्टरवर स्प्रे मारू नका. फेस आत गेला की दोन दिवसांनी भलताच फॉल्ट येतो आणि सगळे व्हॉल्व्हमागे लागतात. फार गरम जागी फेस टिकत नाही, तिथे हातातला गॅस डिटेक्टर लागतो.

डिटेक्टरची पद्धत वेगळी. पीएनजी मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, म्हणून नळी जोडाच्या वरच्या अंगाने फिरवायची. एलपीजीची ट्रेन असेल तर खालून. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, त्याहून घाई नको. मिथेन हवेत ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, तेव्हा डिटेक्टरवर १० टक्के एलईएल (पेट घेण्याच्या किमान प्रमाणाचा दहावा हिस्सा) दिसणं म्हणजे हवेत अर्धा टक्का गॅस, आणि ते काम थांबवून हवा खेळवायला पुरेसं कारण आहे. कॅटॅलिटिक सेन्सर सिलिकॉनने मरतो. पॅनलच्या दाराला सिलिकॉन स्प्रे मारून तोच डिटेक्टर वापरणं म्हणजे आंधळ्याला पहाऱ्यावर बसवणं, कारण सेन्सर मेल्यावरही स्क्रीनवर शून्यच दिसतं. तपासणीआधी टेस्ट गॅसवर तो बोलतोय ना हे बघणं याला पर्याय नाही.

एक जागा हमखास सुटते: रेग्युलेटरचं ब्रीदर भोक. तिथे फेसाचा एक थेंब धरा. लोड बदलताना एखाददुसरा फुगा आला तर डायफ्रॅम हलतोय, ठीक आहे. स्थिर लोडवरही फुगे येतच राहिले तर डायफ्रॅमला चीर गेली, रेग्युलेटर किंवा डायफ्रॅम बदलायला काढा. हे भोक वास येतो म्हणून टेप लावून बुजवलेलं दिसलं तर टेप काढा. भोक बंद झालं की रेग्युलेटर श्वास घेऊ शकत नाही आणि दाब मनाला येईल तसा फिरतो.

परत व्हीपीएसकडे. लाल दिवा आला की व्हॉल्व्ह बाद, असं धरून चालू नये. टेस्ट होते ती मधल्या संपूर्ण जागेची, त्यामुळे बाहेरचा ढिला स्क्रूही लाल दिवा लावतो. आधी पीए या टेस्ट पॉइंटचा स्क्रू, मग व्हीपीएसच्या बुडाशी ओ-रिंगचा जोड, मग मधला प्रेशर स्विच असेल तर त्याचा निपल, या क्रमाने फेस लावा. बाहेर काही नाही मिळालं तर फिल्टर उघडा. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक १० मिलिबारवर गेला असेल किंवा मागच्या तपासणीच्या दुप्पट झाला असेल तर फिल्टर एलिमेंट बदलायचंच. जाळीवर गंज आणि वेल्डिंगची कणी दिसली तर तीच कणी पुढे जाऊन सीटवर बसलेली असण्याची शक्यता दाट. नवीन पाइपलाइनला जोडलेल्या बर्नरवर पहिल्या काही महिन्यांत हेच कारण निघतं. सीट घासून, रबर पालटून व्हॉल्व्ह दुरुस्त करणं मात्र चुकीचं. कॉइल बदलता येते, गळकी सीट असलेला व्हॉल्व्ह पूर्ण बदलायचा.

मधली जागा ४ लिटरपेक्षा मोठी असेल तर हे मॉडेल चालतच नाही. पंपाला २६ सेकंदांत २० मिलिबार गाठता येत नाहीत. दोन सुटे व्हॉल्व्ह लांब पाइपने जोडलेल्या जुन्या ट्रेनवर व्हीपीएस लावण्याआधी पाइपचा आतला व्यास आणि लांबी घेऊन हिशेब करा. जवळचा दुसरा बॉयलर त्याच क्षणी बंद होऊन इनलेट दाब उसळला, तरी फरक कमी पडून लाल दिवा येऊ शकतो. फॉल्ट ठरावीक वेळीच येत असेल तर शेजारच्या बर्नरची वेळ ताडून बघा.

रिसेटबद्दल सक्त राहायला हवं. सलग तीनपेक्षा जास्त टेस्ट झाल्या तर निदान दोन मिनिटं थांबायचं असतं, आणि तासाला २० टेस्टची मर्यादा आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोनदा लाल आला की तिसऱ्यांदा बटण दाबण्याऐवजी फेसाचा कॅन हातात घ्यावा. व्हीपीएसच्या वायरला जंपर टाकून, म्हणजे तपासणी बायपास करून, ‘तात्पुरता’ बर्नर चालवणं कुठल्याही डिस्पॅचच्या घाईत समर्थनीय नाही.

दरवर्षी व्हीपीएसचीही परीक्षा घ्या. टेस्ट चालू असताना पीएचा स्क्रू थोडा ढिला केला की कृत्रिम गळती तयार होते. लाल दिवा यायलाच हवा. नाही आला तर उपकरण बदला, मग बाकी कितीही नवं दिसो. परीक्षा झाल्यावर तो स्क्रू घट्ट करून त्याच्यावर फेस मारायला विसरू नका, कारण तुम्ही उघडलेला प्रत्येक निपल ही नवी शक्य गळती असते. व्हीपीएस उतरवलं तर ओ-रिंग नव्या घाला, जुन्या चपट्या झालेल्या परत बसत नाहीत. आटे असलेल्या जोडांना पाण्याच्या नळाची पातळ पांढरी टेप नको. गॅससाठीची जाड टेप किंवा सीलंट. फ्लँजचे बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा, नाहीतर गॅस्केट एका बाजूला दाबली जाते आणि दुसरीकडून फेस येतो.

एकूण विचार करता व्हीपीएस ५०४ निःशंक घ्यावं. बसवायला सोपं, दाबाच्या सेटिंगची कटकट नाही, निकाल अर्ध्या मिनिटाच्या आत. खटकतं ते एवढंच, की ते दाबाचा आकडा दाखवत नाही. पास आणि नापास यांच्या मध्ये व्हॉल्व्ह कुठे उभा आहे हे ऑपरेटरला समजत नाही. ती उणीव सर्व्हिस रिपोर्टने भरून काढावी लागते. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) करताना कराराच्या कागदावरच लिहून घ्या: पहिल्या व्हॉल्व्हचा सुरुवातीचा आणि ५ मिनिटांनंतरचा दाब, दुसऱ्याचा तसाच, ट्रेनचं तापमान, फिल्टरचा फरक, लो गॅस स्विच कितीवर तुटला, आणि बर्नर चालू असताना फेसाने तपासलेल्या जोडांची नावं. ‘लीक टेस्ट ओके’ असा एका ओळीचा शेरा आला तर बिल पास करण्याआधी ते आकडे मागा.